सरळ पट्टे

चीजवाल्या बाईने सुटे पैसे काढायला गल्ला उघडला आणि चाव्यांचा जुडगा काउंटरवर टाकला. त्या जुडग्याला माझ्या विमानाचा तुकडा लटकत होता. गुरुवारची सकाळ, लेस्टरचा बाजार, मी नेहमीसारखा रांगेत, डोक्यात शनिवारच्या उद्घाटनाचे विचार, आणि समोर पारदर्शक प्लास्टिकच्या चौकटीत बंद केलेलं टपालाच्या तिकिटाएवढं कापड. अर्धं काळं, अर्धं पांढरं. पांढऱ्या रंगात एक तपकिरी काडी रुतून बसलेली. झाडूची काडी. आपलं माणूस गर्दीत पाठमोरं दिसलं तरी ओळखू येतं, तशी मला ती ओळखू आली. बाई तारेने चीज कापत होती. तार त्या तांबड्या गोळ्यातून आवाज न करता खाली उतरत होती आणि माझी नजर त्या चाव्यांवरून हटत नव्हती.

"हे कुठलं?" मी विचारलं.

"हे? नेहमीचंच की. चांगलं मुरलेलं आहे, चाखून बघा."

"चीज नाही हो. हे, चाव्यांचं."

"हे होय! सुनेने आणलंय, तिकडच्या विमानांच्या म्यूझियममधून. लढाईतलं कापड आहे म्हणे. मागे लिहिलंय बघा, 'अस्सल'." तिने कौतुकाने ते उलटं करून दाखवलं. मग माझ्याकडे नीट पाहिलं. "काय हो, बरं वाटत नाहीये का? खुर्ची देऊ?"

मला खुर्ची नको होती. मला कुणाच्या तरी मुस्कटात मारायची होती, पण ती त्या बाईच्या नव्हती, म्हणून मी "आभारी आहे" म्हणालो. आम्ही इंग्रज माणसं कुठल्याही वेळी आभार मानतो. घर जळत असलं तरी बंबवाल्याला आधी विचारू, तुम्हाला त्रास तर नाही ना झाला. मी चीज काउंटरवर तसंच ठेवून निघालो आणि म्यूझियमकडे जाणारी बस पकडली. बसमध्ये माझ्या शेजारी एक माणूस सबंध वाट सफरचंद खात होता. त्याच्या त्या कचकच चावण्याचाही मला राग येत होता. तळपायाची आग मस्तकात म्हणतात ती खरोखर तळपायातूनच सुरू होते, हे मला त्या दिवशी कळलं. आधी बुटात पाय गरम झाले.

माझं विमान म्हणतो खरा, पण ते माझं कधीच नव्हतं. ते तोफखान्याचं होतं. लढाऊ नव्हे, टेहळणीचं, छोटंसं, ऑस्टर जातीचं. शत्रूच्या रांगांजवळ घिरट्या घालायच्या आणि आपल्या तोफांचे गोळे कुठे पडतायत ते वरून बघून सांगायचं, एवढंच त्याचं काम. ना बंदूक, ना चिलखत. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लिननचं कापड, कापडाला ताण यावा म्हणून उग्र वासाचं रोगण, आणि आत एक माणूस. लढाई संपल्यावर ते एका शेतकऱ्याने आपल्या पोरासाठी विकत घेतलं. पोराने उडायला शिकायचं सोडून लग्न केलं. विमान कोठारात पडलं आणि त्यात कोंबड्या राहू लागल्या. आम्ही म्यूझियमच्या हौशी दुरुस्तीवाल्यांनी ते आणलं तेव्हा पंखांवरचं कापड उंदरांनी संपवलेलं होतं, पण धडावरचं शाबूत होतं. मी ओल्या बोळ्याने त्यावरची विष्ठा पुसत होतो, हळूहळू, आणि खालून पट्टे वर आले. काळा, पांढरा, काळा, पांढरा. चव्वेचाळीसच्या जूनमध्ये आपल्याच लोकांनी आपलं विमान पाडू नये म्हणून सगळ्या विमानांना हे पट्टे मारायचा हुकूम निघाला होता, फ्रान्सवरच्या चढाईच्या ऐन वेळी. ब्रश पुरले नसणार. त्या पट्ट्यांवर झाडूचे फराटे स्पष्ट दिसत होते. एकाने डावीकडून सुरुवात केली होती, दुसऱ्याने उजवीकडून, आणि पोटाखाली दोघांची गाठ पडली तेव्हा पट्टे हातभर चुकले होते. मग कुणीतरी, बहुधा शिवी हासडून, मधल्या जागेत पांढऱ्या रंगाचा एकच फटकारा मारला होता. त्या फटकाऱ्यासमोर मी गुडघ्यावर बसलो आणि मला हसू आलं. ती दोन पोरं मला तिथे दिसली. विशी-बाविशीची, दमलेली, एकमेकांवर खेकसणारी. त्यांनी कुणासाठी काही जपून ठेवायचं म्हणून तो रंग मारला नव्हता. म्हणूनच तो खरा होता.

आमच्या गटात डेस्मंड ऑर्टन होता. आयुष्यभर त्याने बसगाड्या रंगवल्या. गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने रेघ ओढायचा आणि ती रेघ बघायला दुसऱ्या डेपोतली माणसं यायची. सरळ रेघ हा डेस्मंडचा धर्म. त्याने तो फटकारा पाहिला आणि नाक मुरडलं. "हे काय म्यूझियममध्ये ठेवायचं? लोक म्हणतील ऑर्टनला म्हातारपणी दिसत नाही." मी म्हटलं, अरे, हे तू नाही रंगवलेलं. तो म्हणाला, "पण नवं मी रंगवणार ना!" नवं, कारण जुनं कापड कुजलं होतं. बोट लावलं तर आत जात होतं, हे मलाही दिसत होतं. सांगाड्यावर नवं कापड चढवायचं ठरलं, आणि तेही लिनन नाही, पॉलिएस्टर. इस्त्री फिरवली की ताणलं जातं, शंभर वर्षं टिकतं. पट्टे कसे मारायचे यावर कमिटीची बैठक दोन संध्याकाळ चालली. डेस्मंड म्हणाला, चिकटपट्टी लावून, मापात. मी म्हणालो, झाडूने. मग घरी परसात जुनी चादर दोरीवर ताणून मी झाडूने पट्टे मारायचा सराव केला. काय सांगू, माझे वाकडे पट्टे बघून मलाच लाज वाटली. शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरं दाढी लावून म्हातारी होतात ना, तसे ते पट्टे घाईत असल्याचं सोंग करत होते. मी मोजे विणणाऱ्या यंत्रांचे नकाशे आखण्यात जन्म घालवला, माझा हात मुद्दाम चुकायलाही तयार नव्हता. घाईची नक्कल सावकाश करता येत नाही. बैठकीत मग मी हात टेकले. पट्टे सरळ मारा म्हणालो, पण एक अट घातली. जुनं कापड, जसं निघेल तसं, सपाट पेटीत घालून कोरड्या अंधाऱ्या खोलीत जपून ठेवायचं. संचालिका जिलियन पास्क म्हणाली, "म्हणजे काय लायनेल, अर्थातच." तिचं ते 'अर्थातच' अजून माझ्या कानात आहे. इतकं गोड बोलणारं माणूस मी कधी ऐकलं नव्हतं आणि पुढे ऐकायची इच्छाही नाही.

म्यूझियमच्या दुकानात, पेन आणि चहाच्या कपांच्या मध्ये, एक फिरता स्टँड होता. त्यावर माझं विमान टांगलेलं होतं. शे-दीडशे चौकोनांत. मी तो स्टँड फिरवला. हिरवट तुकडे होते, काळे होते, पांढरे होते, एकावर टाक्यांची ओळ होती. मी उभा राहून त्यातून तो फटकारा शोधत होतो. कल्पना करा, बहात्तर वर्षांचा माणूस दुकानात उभा राहून चाव्यांच्या टांगण्यांवरून एक विमान जुळवू बघतोय. जिलियन आतून आली, हातात उद्घाटनाच्या फुलांचा नमुना.

"अहो लायनेल! बरं झालं आलात. पांढरी फुलं की निळी?"

"पेटी कुठे आहे?"

"कुठली पेटी?"

"जुन्या कापडाची."

तिने फुलं हळूच खाली ठेवली. "हे बघा, मी तुम्हाला सांगणारच होते. अंधाऱ्या खोलीत पडून ते कुणाला दिसलं असतं? आता ते लोकांच्या घरी गेलंय. प्रत्येकाच्या खिशात इतिहासाचा एक तुकडा. किती छान कल्पना आहे ना?"

"आणि आत हॉलमध्ये जे उभं आहे, ते काय आहे?"

"ते विमान आहे."

"नाही. विमान इथे आहे," मी स्टँडवर हात मारला, तसा तो गरागरा फिरला. "ते तिथे उभं आहे ते विमानाचं नाव आहे. खरं कापड विकायला आणि खोटं दाखवायला! बाहेर पाटी लावा तशी."

"आवाज खाली करा, शाळेची मुलं आहेत," ती म्हणाली, तेवढ्याच गोड आवाजात. "आणि तुमचा तरी हट्ट काय होता हो? कापड काढायला तुम्हीच हो म्हणालात. आता राग कशाचा?"

मी तसाच आत हॉलमध्ये गेलो. तिथे डेस्मंड मऊ फडक्याने विमान पुसत होता. ऑस्टर असं चकाकत होतं, जसं कारखान्यातूनही कधी निघालं नसेल. काळे पट्टे काळे, पांढरे पट्टे पांढरे, कडा सुरीने कापल्यासारख्या, आणि पोटाखाली त्यांची गाठ तंतोतंत पडलेली. पोटाखाली कुणी वाकून बघणार नव्हतं, तरी. चांगलं काम होतं ते. त्याचाच मला जास्त राग आला. वाईट काम असतं तर नुसतं ओरडून मोकळा झालो असतो.

"कापड कुणी कापलं, डेस?"

त्याने पुसणं थांबवलं नाही. "जिलियनला सरळ कापता येईना. वाया घालवत होती. मग मी कापून दिलं."

"तू."

"अरे, फाटकं तर होतं! कोंबड्यांनी घाण केलेलं. तुझ्या-माझ्या मागे कोण सांभाळणार होतं? आपण मेल्यावर आपला हा उद्योग बघायला तरी कोण येणार आहे?"

"आणि ठिगळ?"

आता तो थांबला. ठिगळ म्हणजे कुठलं, हे त्याला विचारावं लागलं नाही. वैमानिकाच्या आसनाखाली, पोटाच्या कापडावर, तळहाताएवढं एक चौकोनी ठिगळ होतं. कडा कातरून दातेरी केलेल्या, भोवती हातशिलाई. सुरुवातीचे टाके वेडेवाकडे, पुढचे नीट. ऑगस्टमध्ये, फ्रान्समधल्या एका गव्हाच्या शेतावरून जाताना, कॅप्टन एव्हरार्ड वाइल्स नावाच्या वैमानिकाला खालून गोळी लागली होती. त्याने विमान वळवलं, नीट खाली उतरवलं, इंजिन बंद केलं आणि माणसं दारापर्यंत पोहोचायच्या आत आसनातच मेला. त्यांच्या तुकडीतल्या एका मेकॅनिकने म्हातारपणी आम्हाला हे सांगितलं होतं. त्या भोकावर लगेच ठिगळ लावलं गेलं, कारण विमान दुसऱ्या दिवशी लागणार होतं. दुसरा कुणी अधिकारी त्याच आसनावर बसून, त्याच ठिगळावर बूट ठेवून वर गेला. शिवणाऱ्याचा हात पहिल्या चार टाक्यांना थरथरला असेल, मग कामाने तो स्थिर केला असेल. मी त्या टाक्यांवर किती वेळा बोट फिरवलंय.

"त्याचे चार झाले," डेस्मंड म्हणाला. "आधी गेले. लोकांना शिलाई आवडते."

मी काहीतरी फेकलं. काय फेकलं आठवत नाही, बहुधा पान्हा. तो लांब जाऊन जमिनीवर खणखणत राहिला आणि डेस्मंडने आधी विमानावर ओरखडा आलाय का ते पाहिलं, मग माझ्याकडे.

"ती येणार आहे शनिवारी," मी म्हणालो.

"माहीत आहे."

ती म्हणजे मिसेस रोझालिंड हॅडन. कॅप्टन वाइल्सची मुलगी. बाप मेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. आता ऐंशीची. मागच्या हिवाळ्यात मी तिला भेटायला गेलो होतो. तिने आल्याची बिस्किटं पुढे केली आणि स्वतः एकही घेतलं नाही. मी म्हटलं, एकदा येऊन बघा, सांगाडा उघडा आहे, कापड निराळं ठेवलंय, ठिगळ दाखवतो. ती म्हणाली, "तुकड्यांत नको. पूर्ण होऊ दे. मला फक्त एकदा हात लावायचाय. त्यांचं असं काही माझ्या हाताला कधी लागलंच नाही." आणि मी, मूर्ख माणूस, मोठ्या रुबाबात म्हणालो, हात लावा, मनसोक्त लावा, तेच विमान आहे ते. आता शनिवारी ती हात लावणार होती एका पॉलिएस्टरच्या चादरीला. एक तर मी तिला सांगायचं, नाही तर गप्प बसून तिला फसवायचं. तिसरी वाट नव्हती.

"सांगू नकोस," डेस्मंड म्हणाला. तो जवळ आला होता, त्याच्या हाताला पॉलिशचा वास होता. "ऐक माझं. म्हातारी बाई आहे. हात लावेल, दोन टिपं गाळेल, चहा घेईल, घरी जाऊन सुखाने झोपेल. कुणाचं काय गेलं? आता सांगून तू तिचं भलं करणार आहेस की तुझ्या डोक्यातली वाफ घालवणार आहेस?"

हेच मला दोन रात्री चावत राहिलं. डेस्मंडकडे विद्या किंवा चातुर्य होतं म्हणून नव्हे, तो आपली कातडी वाचवत होता हे उघड होतं. पण चोराचं बोलणंही कधीकधी खरं असतं. माझी आई मोज्यांच्या गिरणीत होती. घरी वडिलांचे मोजे रफू करायची, टाच आधी, मग बोटं, मग पुन्हा टाच. शेवटी मूळ मोजा किती उरला कोण जाणे, पण वडील म्हणायचे, हे माझे लग्नातले मोजे. आई हसायची, खोडून काढायची नाही. आईला मी खोटारडी म्हणणार का? पण आईने टाकलेली टाच कुणाला विकली नव्हती. आणि वडिलांच्या पायात तो मोजा रोज होता, ऊब तीच होती, रफू त्या ऊबेसाठी होतं. आम्ही कशासाठी केलं? चकाकण्यासाठी. मी अंथरुणात कूस बदलत होतो आणि दर वेळी कुणा निराळ्यावर चिडत होतो. जिलियनवर, डेस्मंडवर, त्या चीजवालीच्या सुनेवर, पॉलिएस्टरवर, सरळ रेघेवर, सगळ्या नीटनेटक्या, गवत कापलेल्या, कुंपणं छाटलेल्या या देशावर, ज्याला आपलं मेलेलं माणूससुद्धा भांग पाडूनच बघायचं असतं.

शनिवारी फुलं पांढरी होती. दोनेकशे माणसं, मेयरच्या गळ्यात पदाची साखळी, टेबलावर डुकराचं मांस भरलेल्या पेस्ट्र्या आणि छोटे सँडविच. जिलियनने भाषणात 'अस्सल' हा शब्द इतक्या वेळा वापरला की मी मोजणं सोडून दिलं. मग तिने मिसेस हॅडनला हाताला धरून पुढे आणलं. निळा कोट, ताठ मान, काठी नाही. तिने उजव्या हाताचा हातमोजा काढला. जिलियनने तिचा हात अलगद उचलून पांढऱ्या पट्ट्यावर ठेवला, फोटोसाठी. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आमच्याकडे वाजवतात तशा, हलक्या, चहाचा कप सांभाळून. मग सगळे सँडविचकडे वळले. ती तशीच उभी राहिली. हात पट्ट्यावर, बोटं जराशी हलत होती, काही शोधल्यासारखी.

मी जवळ गेलो. "किती गुळगुळीत आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता. एखाद्या परक्या घरातल्या टेबलाबद्दल बोलावं तसं ती म्हणाली. त्याच क्षणी माझं ठरलं. ती फसत नव्हती, तिच्या हाताला काही लागत नव्हतं, आणि तिला वाटत होतं की दोष तिच्या हाताचा आहे.

"मिसेस हॅडन, हे ते कापड नाही," मी म्हणालो. "हे नवीन आहे. रंगही नवीन. तुमच्या वडिलांच्या वेळचं कापड आम्ही काढलं. जपून ठेवायचं ठरलं होतं. इथल्या लोकांनी ते कापून बाहेर दुकानात विकायला ठेवलं. आसनाखालचं ठिगळसुद्धा गेलं. मला परवा कळलं. मला इतका राग आलाय की..."

ती माझ्याकडे पाहत होती. डोळे निळे, कोरडे. "ठिगळ म्हणजे, जिथे त्यांना..."

"हो."

"मग यात त्यांचं काय उरलंय?"

"सांगाडा. आतल्या पोलादी नळ्या. त्या त्याच आहेत." मी घाईघाईने म्हणालो, आणि मग खोटं बोलणं जमेना. "बहुतेक. खालच्या काही गंजल्या होत्या, त्या मी बदलल्या."

"कुठल्या बदलल्या? ज्या तुम्ही बदलल्या नाहीत, तिथे मला हात लावायचाय. दार उघडून दाखवा."

मी दार उघडलं. आतल्या नळ्या एकसारख्या हिरव्या होत्या. मी त्या सगळ्या वाळूच्या फवाऱ्याने घासून काढल्या होत्या, सांधे असे जोडले होते की नखाला लागू नयेत, आणि सगळ्यांवर एकच रंग चढवला होता. मला स्वतःला आता कुठली जुनी, कुठली नवी, सांगता येत नव्हतं. काम तपासायला आलेल्या माणसाने त्याबद्दल माझी पाठ थोपटली होती. मी वाकून बघत राहिलो, या नळीवर हात ठेवला, त्या नळीवर ठेवला, आणि माझ्या पाठीमागे ती वाट बघत उभी होती.

"रंगवल्या कुणी?"

"मी."

पलीकडे डेस्मंड कुणाला तरी पट्ट्यांची कड दाखवत होता, बोटाने हवेत सरळ रेघ ओढून.

"वडिलांच्या सामानाची पेटी घरी आली होती," ती म्हणाली. सावकाश, आवाज न चढवता. "फ्रान्सहून. त्यात शर्ट होता, रोज घालायचा. आई पोटुशी होती, तरी आल्या दिवशीच तिने तो काढला, उकळत्या पाण्यात टाकला, साबण लावून घासला, खळ घातली, इस्त्री केली. मग माझ्यासाठी कपाटात ठेवला. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून त्या कपाटात डोकं घालून बसायचे. शर्टात तोंड खुपसून त्यांचा वास शोधायचे. साबणाचा वास यायचा. आईला वाटायचं मी शर्ट किती जपते. मरेपर्यंत मी तिला त्याबद्दल माफ केलं नाही, आणि तिने ते किती मायेने केलं होतं हे मला माहीत होतं."

तिने हातमोजा पुन्हा चढवला, एकेक बोट नीट ओढून. मी अजून दारातून अर्धा आत वाकलेला होतो. जिलियनला, डेस्मंडला, साऱ्या जगाला ऐकवायला जमवून ठेवलेली माझी वाक्यं तोंडात तशीच होती. ती माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली,

"तुम्हीसुद्धा धुतलंत."